सातारा जिल्ह्यातील महिला हॉकी

सातारा जिल्ह्यातील महिला हॉकी हा महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातील अलीकडचा अध्याय आहे. वैष्णवी विठ्ठल फाळके, अक्षता आबासो ढेकळे आणि ऋतुजा दादासो पिसाळ या जिल्ह्यातील तीन खेळाडू २०२० नंतरच्या काही वर्षांत भारताच्या कनिष्ठ संघात पोहोचल्या. त्यांपैकी फाळके आणि पिसाळ वरिष्ठ संघाकडून आशियाई स्पर्धांत खेळल्या आहेत. कनिष्ठ गटात चमकलेली खेळाडू वरिष्ठ व व्यावसायिक हॉकीसाठी केव्हा तयार झाली असे म्हणावे, या प्रश्नाच्या चर्चेत त्यांची वाटचाल विशेष उपयोगी ठरते. कारण दोघी जवळजवळ एकाच मार्गाने निघूनही वेगवेगळ्या वेळी मुक्कामाला पोहोचल्या.

पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा परंपरागत खेळ कुस्ती हा होय. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील कुंडलचे कुस्ती मैदान आजही गर्दी खेचते. हॉकी मात्र या पट्ट्यात गावखेळ कधीच नव्हता. महाराष्ट्रातील हॉकीची मुळे लष्करी छावण्या, रेल्वे आणि मुंबईचे क्लब यांत आहेत. चार ऑलिंपिक खेळलेले धनराज पिल्ले पुण्याच्या खडकीतून आले, ते याच परंपरेतून. ऊस आणि ज्वारीच्या शिवारातून हॉकीपटू घडणे ही त्यामुळे परंपरेची नव्हे, तर निवड पद्धतीची फलश्रुती आहे.

ही पद्धत म्हणजे महाराष्ट्र शासनाची क्रीडा प्रबोधिनी. तिचे पुण्यातील केंद्र बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात आहे. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. प्रबोधिनीच्या निवडीत मुलाला एखादा खेळ येतो की नाही हे आधी पाहिले जात नाही. उंची, वजन, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव, शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक अशा चाचण्यांतून अंगभूत क्षमता मोजली जाते आणि खेळ नंतर ठरतो. फलटण तालुक्यातील सरडे गावचे तिरंदाज प्रवीण जाधव हे प्रबोधिनीतूनच टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेले. हॉकीतील मुलींचा मार्गही हाच. या पद्धतीत गुणवत्ता लवकर सापडते, पण मूल लहान वयात घरापासून दूर जाते आणि हॉकीची काठी इतर राज्यांतील मुलांपेक्षा उशिरा हाती घेते. ओडिशातील सुंदरगड किंवा झारखंडमधील सिमडेगा येथे लहान मुले बांबूच्या काठीने खेळतच मोठी होतात, ही तुलना येथे लक्षात घ्यावी लागते.

नावांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘दादासो’, ‘आबासो’ ही दादासाहेब, आबासाहेब या नावांची पश्चिम महाराष्ट्रातील रूढ संक्षिप्त रूपे होत. पिसाळ यांचे नाव इंग्रजी याद्यांत तीन-चार प्रकारे लिहिले गेल्याने वृत्तांतांमध्ये ते ‘रुतजा’ किंवा ‘रुजुता’ असेही आढळते. व्यक्ती एकच आहे.

कनिष्ठ गटातील कामगिरी

एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे झालेल्या कनिष्ठ विश्वचषकात फाळके आणि ढेकळे या दोघींचा भारतीय संघात समावेश होता. भारताने गटातील सर्व सामने जिंकले, उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाचा ३-० असा पराभव केला. मात्र उपांत्य फेरीत नेदरलँड्सकडून आणि कांस्यपदकाच्या लढतीत इंग्लंडकडून शूटआउटमध्ये हार पत्करावी लागली. फलटण तालुक्यातील आसू या गावच्या फाळके यांनी त्याच वर्षी डब्लिन येथील २३ वर्षांखालील पाच देशांच्या स्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व केले. पिसाळ या पुढच्या कनिष्ठ विश्वचषकात, म्हणजे २०२३ च्या अखेरीस चिलीतील सांतियागो येथे, संघाच्या उपकर्णधार होत्या. तेथे भारत नवव्या स्थानी राहिला.

कर्णधारपद आणि उपकर्णधारपद यांवरून वरिष्ठ संघातील जागेचा अंदाज बांधणे मात्र धोक्याचे असते. २०२२ च्या त्याच कनिष्ठ संघातील सलीमा टेटे, लालरेमसियामी आणि शर्मिला देवी या तिघी त्याआधीच टोकियो ऑलिंपिक खेळून आल्या होत्या. म्हणजे काही खेळाडू कनिष्ठ वय संपण्याआधीच तयार असतात, तर काहींना त्यानंतरही दोन-तीन वर्षे लागतात.

दोन्ही स्तरांतील अंतर

नियम, चेंडू आणि मैदान दोन्हीकडे सारखेच असते. फरक वेळेचा असतो. वरिष्ठ सामन्यात चेंडू मिळाल्यावर विचार करायला उसंत मिळत नाही. कनिष्ठ गटात वेगाच्या जोरावर बचाव मागे टाकणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला वरिष्ठ बचावपटू जाणीवपूर्वक बाजूरेषेकडे ढकलतात, आणि तिथे नुसता वेग निरुपयोगी ठरतो. वर्तुळात शिरल्यावर चेंडू थांबवून मग फटका मारण्याची सवय तेथे मोडावी लागते. अमर्याद बदली खेळाडूंच्या नियमामुळे प्रत्येकीने काही मिनिटे पूर्ण वेगात खेळून बाहेर यायचे आणि पुन्हा आत जायचे असते. म्हणून राष्ट्रीय शिबिरांत यो-यो चाचणीला महत्त्व आहे. खेळाडूची जागा बदलणे हाही या संक्रमणाचा भाग असतो. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या यादीत मध्यरक्षक म्हणून नोंद असलेल्या फाळके २०२४ च्या राजगीर येथील आशियाई चॅम्पियन्स करंडकासाठी बचावपटूंच्या यादीत होत्या.

वरिष्ठ संघ आणि व्यावसायिक लीग

फाळके यांचे संक्रमण तुलनेने जलद झाले. कनिष्ठ विश्वचषकानंतर दीड वर्षाच्या आत त्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत खेळल्या. भारताने जपानला २-१ असे हरवून कांस्यपदक मिळवले. पिसाळ यांची परीक्षा वेगळ्या ठिकाणी झाली. पुरुषांसाठी २०१३ ते २०१७ या काळात खेळवली गेलेली हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा महिलांची स्पर्धाही प्रथमच घेण्यात आली. चार संघांच्या या स्पर्धेसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत लिलाव झाला. प्रत्येक संघाला दोन कोटी रुपयांची मर्यादा होती आणि २४ जणींच्या चमूत आठ परदेशी खेळाडूंबरोबर किमान चार कनिष्ठ भारतीय खेळाडू घेणे बंधनकारक होते. हा नियम महत्त्वाचा होता. त्यामुळे नवोदित मुलींना ऑलिंपिक विजेत्यांच्या शेजारी सराव करण्याची आणि त्यांच्याविरुद्ध खेळण्याची संधी मिळाली, जी देशांतर्गत स्पर्धांत कधीच मिळत नसे.

पिसाळ ओडिशा वॉरियर्स संघात होत्या. पॅरिस ऑलिंपिकच्या सुवर्णपदक विजेत्या नेदरलँड्सच्या यिबी यान्सेन याही त्याच संघात होत्या. २६ जानेवारी २०२५ रोजी रांची येथे झालेल्या अंतिम सामन्यात वॉरियर्सने सूरमा हॉकी क्लबचा २-१ असा पराभव केला. दोन्ही गोल पिसाळ यांचे होते: पहिला २० व्या मिनिटाला, आणि सूरमाने बरोबरी साधल्यानंतर दुसरा ५६ व्या मिनिटाला. पेनल्टी कॉर्नरसाठी ख्यातनाम असलेल्या परदेशी खेळाडूच्या संघात विजयाचे दोन्ही गोल कनिष्ठ गटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीने करावेत, हे स्पर्धेपूर्वी फारसे कोणी वर्तवले नसते. पुढच्याच महिन्यात भुवनेश्वर येथील प्रो लीग सामन्यांसाठी त्यांची भारतीय संघात निवड झाली.

एका अंतिम सामन्यावरून मात्र तयारीचा निर्वाळा देता येत नाही. २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये भारतीय महिला संघ तळाला राहिला आणि स्पर्धेतून खाली घसरला; नव्या खेळाडूंना स्थिरावण्यासाठी यापेक्षा कठीण काळ मिळाला नसता. सप्टेंबर २०२५ मधील हांगझोऊ येथील आशिया चषकात पिसाळ आणि फाळके या दोघी एकत्र खेळल्या. १० सप्टेंबर रोजी ‘सुपर फोर’ फेरीत भारताने दक्षिण कोरियाला ४-२ असे हरवले. त्या सामन्यातील पहिला गोल दुसऱ्या मिनिटाला फाळके यांनी आणि शेवटचा ५९ व्या मिनिटाला पिसाळ यांनी केला. अंतिम सामन्यात यजमान चीनने भारतावर ४-१ असा विजय मिळवला. भारताला रौप्यपदक मिळाले, परंतु विजेत्या संघाला मिळणारा २०२६ च्या विश्वचषकाचा थेट प्रवेश हुकला.