फिजिओथेरपी सरकारी रुग्णालयात मोफत, तरी आजी-आजोबांना ती मिळणं अवघड का जातं?

बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डवर शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. ती कुठे घ्यायची, किती दिवस आणि कितीला, हे त्यात नसतं. खासगी फिजिओथेरपिस्टकडे दर वेळी पैसे मोजावे लागतात, सरकारी रुग्णालय लांब असतं आणि सोबत जायला कुणी मोकळं नसतं. मग अनेक घरांत चार-पाच वेळा जाऊन व्यायाम थांबतो.

महाराष्ट्रात ज्येष्ठांसाठी सरकारी फिजिओथेरपीची सोय कागदावर तरी तालुक्यापर्यंत आहे. ती नेमकी कुठे मिळते, कोणतं कार्ड तिथे चालतं आणि कोणतं चालत नाही, आणि घराजवळ व्यायामाचा वर्ग हवा असेल तर कुणाला विचारायचं, हे समजून घेऊया.

थोडक्यात

- जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालय या दोन्ही पातळ्यांवर ज्येष्ठांसाठी फिजिओथेरपीची तरतूद आहे.
- राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.
- ७० वर्षांवरील नागरिकांचं आयुष्मान वय वंदना कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं. रोज जाऊन-येऊन घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्च त्यातून मिळत नाही.
- पडणं टाळायचं असेल तर आठवड्यातून ३ दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम हवा, आणि तो अनेक महिने चालू राहायला हवा. त्यासाठी घराजवळचा वर्ग सगळ्यात सोयीचा.

फिजिओथेरपी म्हणजे फक्त शेक आणि मशीन?

बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर फिजिओथेरपी म्हटलं की गुडघ्याला लावलेलं मशीन आणि गरम शेक येतो. शेकाने दुखणं काही वेळ कमी होतं. पण ज्येष्ठांसाठी या उपचाराचा गाभा व्यायाम आहे. खुर्चीतून हात न टेकता उठता येणं, जिना चढता येणं, अंधारात उठून बाथरूमपर्यंत जाता येणं ही त्याची उद्दिष्टं असतात.

हा व्यायाम दोन प्रकारे दिला जातो. पहिला वैयक्तिक उपचार: ऑपरेशन, फ्रॅक्चर किंवा पक्षाघातानंतर एका रुग्णाला समोर बसवून. दुसरा गटाचा वर्ग: १०-१५ ज्येष्ठ, भक्कम खुर्च्या, मोकळी जागा आणि तासभराचा ठरलेला व्यायाम. सरकारी यंत्रणेत पहिला प्रकार रुजलेला आहे. दुसऱ्याची खरी गरज आहे, आणि तो क्वचितच दिसतो.

वर्गाची गरज का?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे १ कोटी १० लाखांहून जास्त होतं. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे.

या वयातला मोठा धोका म्हणजे पडणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोकांचा पडल्यामुळे मृत्यू होतो. त्यात सर्वाधिक मृत्यू ६० वर्षांवरील लोकांचे असतात.

पडणं हा वयाचा अटळ भाग नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती एकत्र तपासली गेली. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळलं. सगळ्यात खात्रीचा फायदा तोल सांभाळण्याच्या आणि रोजच्या हालचालींवर आधारलेल्या व्यायामांचा होता. नुसतं चालण्याबद्दलचा पुरावा इतका ठाम नव्हता. म्हणजे सकाळचा फेरफटका हृदयासाठी चांगलाच, पण तोलासाठी वेगळा सराव लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही ६५ वर्षांवरील लोकांना आठवड्यातून किमान ३ दिवस असा तोल आणि ताकदीचा व्यायाम करायला सांगतात. अडचण इथेच येते. आठवड्याला ३ दिवस म्हणजे महिन्याला १२-१३ फेऱ्या. जिल्ह्याच्या गावी इतक्या वेळा कोण जाणार?

सरकारी यंत्रणेत सोय कुठे आहे?

केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 'एनपीएचसीई' या नावाने तो ओळखला जातो. त्यात प्रत्येक पातळीचं काम ठरवून दिलेलं आहे.

- जिल्हा रुग्णालय: ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी, १० खाटांचा कक्ष आणि फिजिओथेरपीची सोय.
- ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय: आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांची ओपीडी आणि फिजिओथेरपी किंवा पुनर्वसनासाठी कर्मचारी. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या घरी भेट देणं हेही या कर्मचाऱ्याचं काम.
- प्राथमिक आरोग्य केंद्र: आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची तपासणी.
- उपकेंद्र: आता बहुतेक उपकेंद्रं 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाली आहेत. ज्येष्ठांची काळजी हा तिथल्या सेवांचा भाग आहे. समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा ताईंनी कोण हिंडतं-फिरतं, कुणाला चालायला त्रास होतो आणि कोण घरातच अडकलं आहे, याची नोंद ठेवणं अपेक्षित आहे. इथे योगाची सत्रंही घेतली जातात.

मोठ्या शहरांमध्ये आणखी पर्याय आहेत. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. हाजी अलीजवळ १९५५ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा विभाग आहे. शिवाय खासगी फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीत विद्यार्थी आणि इंटर्न शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तिथले दर खासगी क्लिनिकपेक्षा सहसा बरेच कमी असतात.

एक साधी गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. सरकारी कागदांत आणि फलकांवर 'फिजिओथेरपी'साठी 'भौतिकोपचार' हा शब्दही वापरतात. रुग्णालयात फिजिओथेरपीचा बोर्ड दिसला नाही, तर भौतिकोपचार विभाग विचारावा. बहुतेक ठिकाणी आधी केसपेपर काढून अस्थिरोग किंवा मेडिसिन ओपीडीत दाखवावं लागतं. तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुढे पाठवलं जातं. पहिल्या दिवशी अर्धा दिवस जातो, याची तयारी ठेवावी. जुने एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत असलं की पुन्हा फेरी पडत नाही.

कोणतं कार्ड, कोणती योजना?

सोशल मीडियावर या योजनांची सरमिसळ होते. म्हणून एकेक पाहू.

आयुष्मान वय वंदना कार्ड: २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. ओपीडीतली फिजिओथेरपी यात बसत नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजना: २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेली योजना. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये. वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा यांसारखी साधनं घेण्यासाठी ही रक्कम आहे.

एसटीची सवलत: ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयोगटाला तिकिटात ५० टक्के सूट. वय दाखवणारं ओळखपत्र लागतं. महापालिकांच्या शहर बसला ही सवलत लागू नाही.

काठी किंवा वॉकर घेतल्यावर तो फिजिओथेरपिस्टला नक्की दाखवावा. सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर यायला हवी. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची असते. अनेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात.

मग अडतं कुठे?

उपचार मोफत झाला तरी तिथे पोचणं मोफत होत नाही. पाय दुखणाऱ्या माणसाला आधी बस स्टँडपर्यंत जायचं असतं आणि एसटीच्या उंच पायऱ्या चढायच्या असतात. सोबत येणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. ७५ वर्षांच्या आजोबांचं तिकीट लागत नाही, पण सोबतच्या मुलाचं लागतं.

दुसरी अडचण वेळेची. ओपीडी सकाळी असते. लांबच्या गावाहून येणाऱ्याला पहिल्या गाडीने निघावं लागतं आणि परतीची गाडी दुपारची असते. वीस मिनिटांच्या व्यायामासाठी अख्खा दिवस जातो.

तिसरी अडचण मनुष्यबळाची. ग्रामीण रुग्णालयात या कामासाठी जेमतेम एक कर्मचारी असतो, आणि अशी पदं अनेकदा कंत्राटी असतात. तो माणूस रजेवर गेला किंवा पद रिकामं राहिलं, की त्या तालुक्यातली सेवाच थांबते.

चौथी अडचण घरातलीच. 'या वयात दुखायचंच' असं म्हणून आजी स्वतःच टाळते. पडल्याचं मुलांना सांगत नाही, कारण सांगितलं तर बाहेर जाणं बंद होईल अशी भीती असते. पुन्हा पडू या धास्तीने हालचाल कमी होते, पाय आणखी अशक्त होतात आणि पडण्याचा धोका वाढतो.

कमी फेऱ्यांत काम होऊ शकतं का?

होऊ शकतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात ज्येष्ठांसाठी ताकद आणि तोलाच्या व्यायामांचा घरी करायचा कार्यक्रम तयार झाला. प्रशिक्षित व्यक्ती ठरावीक भेटींत व्यायाम शिकवते, हळूहळू तो वाढवते आणि बाकीचे दिवस ज्येष्ठ घरीच करतात. चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं.

यातून आपल्याकडे घेण्यासारखी गोष्ट अशी की, फिजिओथेरपिस्ट रोज समोर नसला तरी चालतो. त्याने आधी तपासून व्यायाम ठरवून द्यावा आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा पाहावं, एवढं झालं तरी मधले दिवस गटाने सराव करता येतो.

वर्ग घराजवळ आणायचा तर

जागा बऱ्याच ठिकाणी आहे: विरंगुळा केंद्र, समाजमंदिर, सोसायटीचा हॉल, शाळेचा वर्ग. माणसंही आहेत, कारण राज्यभर ज्येष्ठ नागरिक संघ कार्यरत आहेत. प्रश्न प्रशिक्षित माणसाच्या भेटीचा असतो.

- लेखी मागणी करा. गावात तालुका आरोग्य अधिकारी किंवा ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सक, शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी. 'फिजिओथेरपी सुरू करा' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'महिन्यातून दोनदा अमुक ठिकाणी तपासणी आणि गटाचा व्यायाम, २० ज्येष्ठांची यादी सोबत' असं लिहिलं तर उत्तर देणं सोपं जातं.
- आरोग्य मंदिरातल्या जन आरोग्य समितीत विषय मांडा. योगाचं सत्र चालू असेल तर त्यातच खुर्चीवरचे आणि तोलाचे व्यायाम घेता येतात.
- जवळच्या फिजिओथेरपी कॉलेजशी बोला. विद्यार्थ्यांना समाजात जाऊन काम करण्याचा भाग अभ्यासक्रमातच असतो.
- पद रिकामं आहे का ते विचारा. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मंजूर आणि भरलेली पदं विचारता येतात. सहसा ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

रुग्णालयाची माहिती हवी असल्यास राज्याची आरोग्य सल्ला हेल्पलाइन १०४ आहे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय एल्डरलाइन १४५६७ हीसुद्धा मोफत आहे.

वर्गात जाण्याआधी काय पाहावं?

शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची नोंदणी आहे का, ते विचारायला संकोच करू नये. महाराष्ट्रात यासाठी व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे. चांगल्या वर्गात पहिल्या दिवशी बीपी, औषधं, जुनी ऑपरेशनं आणि वर्षभरात किती वेळा पडलात, हे विचारलं जातं. सगळ्यांना एकच व्यायाम दिला जात नाही. गुडघा बदललेल्या व्यक्तीला जमिनीवर मांडी घालायला लावणारा वर्ग योग्य नव्हे.

धोका किती, याचा अंदाज घरीही घेता येतो. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजून तपासून घ्यावं. हे करताना शेजारी कुणीतरी उभं असायलाच हवं.

छातीत दुखणं, अचानक चक्कर, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यापैकी काही झालं, तर वर्गाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं, १०८ ला फोन करावा. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, तर मालिश करण्याआधी एक्स-रे काढावा.

आणि घरात कुणी पडल्याचं सांगितलं, तर 'आता बाहेर जायचं नाही' हे उत्तर टाळावं. त्याऐवजी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ज्येष्ठांची ओपीडी कोणत्या दोन दिवशी असते, हे त्याच दिवशी विचारून ठेवावं.