बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या हाफकिन संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणाला येणाऱ्या मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला साधीच कामं मिळतात. माध्यम तोलायचं, ऑटोक्लेव्ह लावायचा, प्लेटा ओतायच्या, प्रत्येकीवर तारीख आणि क्रमांक घालायचा, रजिस्टरात नोंद करायची. सांगलीहून येऊन लालबागला मावशीकडे राहिलेली मी हेच करत होते. प्रत्येक खेपेतली एक प्लेट काही न पेरता तशीच इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. तिच्यावर काही उगवलं तर अख्खी खेप बाद. आणि प्रयोगशाळेतल्या मॅडमचा सततचा धोशा: चिमटा ज्योतीतून काढल्याशिवाय कशालाही लावायचा नाही. या धोशामागे केवढा इतिहास आहे, हे दुपारच्या सुट्टीत या वास्तूविषयी वाचू लागले तेव्हा कळलं.

वास्तू मुळात ख्रिस्ती धर्मगुरूंची. पुढे ती मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान झाली. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी १८८२ मध्ये इथेच पटकीने गेली. त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार हिल गाठली आणि परळचा वाडा ओस पडला.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग आला. तो पहिल्यांदा ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला हा माणूस. पटकीची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर प्लेगची लस उभी राहिली. मांसाच्या रश्श्यात ते जंतू वाढवत आणि वर तुपाचे थेंब सोडत. तुपाला धरून जंतूंचे लोंबते धागे खाली उतरत, पागोळ्या लागाव्यात तसे. चंबू हलवला की ते गळून तळाशी बसत आणि वर नवे धागे धरू लागत. मग उष्णतेने जंतू मारायचे आणि कार्बॉलिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या. तुपाला लोंबणारे ते धागे ही प्लेगचे जंतू ओळखण्याचीही खूण ठरली. इतर जंतू तुपाला असे लोंबत नसत. घरोघरच्या तुपाचा असा उपयोग करणाऱ्या बुद्धीचं मला फार कौतुक वाटतं.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ही लस स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. न टोचलेल्यांच्या तुलनेत टोचलेल्यांत आजार आणि मृत्यू कमी राहिले. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. लस होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की आजही जीव तुटतो.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या या वाड्यात आली. इथूनच लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगचा जोर होता आणि लशीची मागणी अफाट. वेग यावा म्हणून पद्धत बदलली, कार्बॉलिक वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. ३० ऑक्टोबरला मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी समितीचे अध्यक्ष होते मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असा ठपका आला आणि हाफकिन पदावरून गेले.

पण साक्षीपुराव्यात आणखी एक गोष्ट नोंदलेली होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवड्यानुआठवडे वाढले असते तर ती उघडताच दुर्गंधी सुटली असती. टोचणाऱ्या डॉक्टरांनी वास घेतला होता, तसं काही नव्हतं. हे मुद्दे धरून शास्त्रज्ञ रोनाल्ड रॉस हाफकिनसाठी लढले. १९०७ च्या जुलैत त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आलं आणि हाफकिन निर्दोष असल्याचं जगापुढे मांडलं गेलं.

मी त्या मदतनिसाला दोष देत नाही. हजारोंना लस टोचायची घाई असताना तयारी नसलेल्या हातांवर भार टाकला जातो आणि चुकीची किंमत गावकरी मोजतात. मुलकोवालच्या त्या १९ जणांविषयी पुस्तकांत फार थोडं लिहिलेलं आहे. वाद बहुतेक हाफकिनच्या अब्रूचा झाला. माझ्या मते प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण पहिल्याच दिवशी सांगायला हवं, कारण चिमटा शिकाऊ मुलांच्याच हातात असतो. बाटलीचा क्रमांक नोंदलेला होता म्हणूनच त्या मृत्यूंचा माग एका बाटलीपर्यंत लागला. क्रमांक नसता तर सगळी लसच कायमची बदनाम झाली असती.

हाफकिन १९०७ नंतर कलकत्त्याला परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा त्यांना भारत सोडून दहाएक वर्षं झाली होती.