वऱ्हाडातील दात्र-कोशिका रोग : कारणमीमांसेचा इतिहास

अमरावती व अकोला जिल्ह्यांत ‘सिकलसेल’ या नावाने परिचित असलेला आनुवंशिक रोग म्हणजे दात्र-कोशिका रोग होय. यात तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. हाडासांध्यांच्या तीव्र वेदना व पांडुरोग ही त्याची प्रमुख लक्षणे. हा अमुक जातीचा वा जमातीचा रोग, अशी समजूत रूढ आहे. कारणमीमांसेचा इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही.

इ. स. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. मूळ दोष हीमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी त्याच्या आनुवंशिकतेची रीत स्पष्ट केली. पुढे १९५७ पर्यंत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी भेद नेमका हेरला : प्रथिनाच्या एका साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात एका अक्षराचा पालट झाल्याने हे घडते. प्राणवायू उणावताच असे रेणू एकमेकांस चिकटतात, पेशी ताठरते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात.

भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत नोंदला गेला. मध्य भारतातील त्याचे अस्तित्व नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढील पाहण्या बहुधा जात-जमातवार झाल्या आणि कोष्टकाचा मथळाच लोकांस कारण वाटू लागला. वस्तुतः अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्येच पूर्व आफ्रिकेतील पुराव्यावरून दाखविले होते की, या जनुकाची एकच प्रत असणाऱ्यास तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते. जनुक टिकला तो हिवतापामुळे. जातीअंतर्गत विवाहांनी तो विशिष्ट समूहांत साठत गेला. जात ही त्याची वाट आहे, उगम नव्हे.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. एक प्रत असणारा वाहक असतो. दोन्ही प्रती सदोष असतील तरच हा रोग जडतो. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असून दुसऱ्याचा जनुक निर्दोष असल्यास ती उरत नाही. वाहक व रुग्ण या दोघांना ‘सिकलसेल’ हा एकच शब्द लावला की निरोगी मुलीचे लग्नही अडते. विज्ञानाने १९४९ मध्येच केलेला हा भेद मेळघाटापासून अकोल्यापर्यंतच्या बोलीत रुजणे अद्याप आवश्यक आहे.