मूल नापास की प्रश्न नापास? शाळेतल्या चाचणीचीही आधी चाचणी का घ्यावी लागते

समजा, तिसरीच्या गणिताच्या पेपरात असा प्रश्न आला: ‘लावणीसाठी सकाळी १८ जण आले. दुपारी ७ जण घरी गेले. किती उरले?’ शहरातल्या अनेक मुलांना लावणी म्हटलं की ढोलकी आणि घुंगरू आठवतील. पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात भाताची रोपं लावायच्या कामाला ‘आवणी’ म्हणतात, त्यामुळे तिथलं मूलही अडखळू शकतं. वजाबाकी दोघांनाही येत असेल, तरी उत्तर चुकलं की शिक्का बसतो तो ‘गणित कच्चं’ असाच.

म्हणून नवी प्रश्नपत्रिका, कृतिपत्रिका किंवा निरीक्षण तक्ता सगळीकडे वापरण्याआधी थोड्या मुलांवर वापरून पाहतात. याला प्रायोगिक चाचणी म्हणतात. इथे परीक्षा मुलांची नसते, प्रश्नांची असते.

महाराष्ट्रात मूल्यमापनाची पद्धत काय आहे?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आलं. त्याचे दोन भाग आहेत. वर्षभर शिकता शिकता होतं ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. इयत्तेनुसार दोघांचं वजन बदलतं:

• पहिली-दुसरी: आकारिक ७०, संकलित ३०
• तिसरी-चौथी: ६० आणि ४०
• पाचवी-सहावी: ५० आणि ५०
• सातवी-आठवी: ४० आणि ६०

आकारिक मूल्यमापनात फक्त लेखी चाचणी नसते. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनंही असतात. म्हणजे लहान वर्गांमध्ये बहुतेक गुण शिक्षकाने स्वतः तयार केलेल्या साधनांवर ठरतात. ती साधनं नीट आहेत का, हे तपासणं म्हणूनच महत्त्वाचं.

पुढे ‘स्टार्स’ प्रकल्पाअंतर्गत २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. पायाभूत, संकलित १ आणि संकलित २ अशा तीन चाचण्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांसाठी राज्यभर घेतल्या जातात.

प्रश्न तपासतात कसा?

पहिली कसोटी काठिण्यपातळीची. १०० पैकी ७० मुलांचं उत्तर बरोबर आलं, तर ती ०.७०. आकडा जितका मोठा, तितका प्रश्न सोपा. ०.९५ आला तर प्रश्न फारच सोपा, ०.१० आला तर एकतर फार अवघड किंवा मुलांना कळलाच नाही.

दुसरी कसोटी भेदकतेची. १०० मुलांची एकूण गुणांप्रमाणे क्रमवारी लावून वरची २७ आणि खालची २७ घ्यायची. वरच्या गटात २० आणि खालच्या गटात ९ बरोबर असतील, तर फरक ११. त्याला २७ ने भागलं की ०.४१ येतात. साधारण ०.३० च्या वरचा प्रश्न चांगला मानतात. उत्तर उणे आलं, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्ची मुलं बरोबर आली, तर बहुतेकदा दोष प्रश्नात किंवा उत्तरसूचीत असतो.

तिसरी कसोटी आकड्यांची नाहीच. मुलाला विचारायचं, ‘तुला यात काय विचारलंय असं वाटतं?’ लावणीसारखी गफलत आकड्यांपेक्षा या प्रश्नातून लवकर सापडते.

मासवणसारख्या गावात हे जास्त गरजेचं का?

मासवण हे पालघर आणि बोईसरच्या पूर्वेला सूर्या नदीकाठचं गाव. या पट्ट्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. अनेक मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. थोड्याच अंतरावर बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या शाळांमध्ये कामासाठी परराज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुलंही असतात आणि त्यांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलली जाते. एकच प्रश्न या दोन्ही ठिकाणी वापरून पाहिला, तर तो गणित तपासतोय की मराठी, हे लगेच लक्षात येतं.

मुलांच्या परिसरातून शिकवण्याचे प्रयोग या जिल्ह्याला नवे नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवण्याचा प्रयोगही इथेच झाला.

विषय आणि इयत्तेनुसार काय बदलतं?

• पहिली-दुसरी: एकेका मुलाशी बोलून तोंडी तपासणी. ‘असर’ सर्वेक्षणातही मुलाकडून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं एकेक करून वाचून घेतात.
• गणित: चुकलेलं शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचून दाखवायचं. मग जमलं तर अडचण वाचनाची, गणिताची नाही.
• भाषा: उतारा न वाचताही उत्तर देता येतंय का ते पाहायचं. येत असेल तर तो प्रश्न आकलनाचा नाही.
• विज्ञान: मुलाने न पाहिलेल्या वस्तूऐवजी परिसरातलं उदाहरण घ्यायचं. सूर्येचं पाणी मासवणहून उपसून वसई-विरारकडे जातं. पाणीपुरवठा शिकायला हे उदाहरण पुरेसं आहे.
• सातवी-आठवी: प्रकल्पाला दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे. फरक मोठा आला तर निकष पुन्हा लिहायचे.

चुकीच्या प्रश्नाने बिघडतं काय?

२०२३ मध्ये राज्याने नियम बदलले आणि पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आली. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. नापास झालेल्या मुलाला मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा मिळते. त्यातही नापास झालं तर त्याला त्याच वर्गात बसावं लागतं. अशा वेळी एकेका गुणाची किंमत वाढते. वर्ग मागे पडला की शाळा सुटण्याचा धोका असतो, आणि तो घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त.

शिक्षक आणि पालक काय करू शकतात?

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. शिक्षकांनी नवी चाचणी आधी शेजारच्या शाळेतल्या दहा-बारा मुलांना द्यावी, गुण नोंदवू नयेत. सर्वाधिक मुलं चुकलेले तीन प्रश्न निवडून मुलांशी बोलावं, शब्द बदलावेत आणि मगच चाचणी वर्गात घ्यावी. केंद्रातल्या शाळांनी तपासलेले प्रश्न एकमेकांना दिले, तर वर्षभरात चांगला प्रश्नसंच तयार होतो.

पालकांनी प्रगतीपुस्तक हातात आल्यावर ‘किती गुण मिळाले’ याबरोबर ‘नेमकं कुठे अडलं’ हेही शाळेत विचारावं. त्याचं उत्तर मिळालं, तरच मुलाला पुढे काय शिकवायचं हे ठरवता येतं.