चित्राशी बोलणारा चित्रकार

श्रोतेहो, फळ्यावर खडूने चित्र काढता काढता बोलत राहणे ही आम्हां शिक्षकांची रोजची कसरत आहे. हात आणि वाणी यांचा मेळ जमला की मागच्या बाकावरचा मुलगाही मान वर करून पाहू लागतो. याच कसरतीच्या बळावर अमेरिकेतील एका चित्रकाराने रंगमंच गाजविला, आणि पुढे कागदावरचा एक प्राणी प्रेक्षकांच्या देखत चालता, रडता आणि नाचता करून दाखविला. त्या चित्रकाराचे नाव विन्झर मॅके. त्याची चित्रे कशी घडली आणि त्यांच्यासह गावोगाव फिरण्याची त्याची वाट कोणी अडविली, हे आज सांगावयाचे आहे.

मॅकेचे बालपण मिशिगन राज्यात गेले. तरुणपणी तो सिनसिनाटी शहरात आला आणि तेथील एका स्वस्त करमणुकीच्या संग्रहालयासाठी जाहिरातींचे फलक रंगवू लागला. जत्रेतल्या गर्दीची नजर कशी खेचावी हे तो तेथे शिकला. नंतर तो वृत्तपत्रांत शिरला, १९०३ साली न्यूयॉर्कला गेला, आणि १५ ऑक्टोबर १९०५ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये त्याची ‘लिटल नेमो’ ही रंगीत चित्रमाला सुरू झाली. झोपेत स्वप्ननगरीला जाणारा आणि शेवटच्या चौकटीत पलंगावरून खाली पडून जागा होणारा हा मुलगा घरोघर लाडका झाला.

त्या काळी अमेरिकेत ‘व्हॉडव्हिल’ नावाचे खेळ चालत. एकाच तिकिटात गाणे, नकला, जादू, डोंबारी, कसरती असे सर्व काही पाहावयास मिळे. १९०६ च्या जून महिन्यात मॅके या रंगमंचावर उभा राहिला. फळ्यावर तो एक मुलगा व एक मुलगी यांचे चेहरे काढी. मग पुसून, फिरवून, रेघा वाढवून त्यांना तरुण, प्रौढ आणि अखेर वृद्ध करी. पंधरा मिनिटांत पंचवीस चित्रे होत आणि साथीला वाद्यवृंद वाजे. खेळासाठी दुसऱ्या गावी मुक्काम पडला, तरी वृत्तपत्राचे काम चुकत नसे. दोन खेळांच्या मधल्या वेळात, रंगपटातल्या आरशासमोर बसून तो पुढच्या अंकाची चित्रे पुरी करी.

फळ्यावरचे चित्र पुसल्यावाचून बदलत नाही, ही अडचण त्याला बोचत असावी. चित्रांचे कोपरे भराभर उलटले की आकृती हलल्यासारखी दिसते, हा मुलांच्या चोपड्यांतला खेळ त्याच्या परिचयाचा होता. १९११ मध्ये त्याने सुमारे चार हजार चित्रे काढून नेमोचा छोटा चित्रपट केला. १९१२ मध्ये निजलेल्या माणसाचे रक्त पिऊन टच्च फुगणाऱ्या डासाचा दुसरा चित्रपट केला. पण प्रेक्षकांचा विश्वास बसेना. कोणी म्हणे, तारा बांधून बाहुल्या हलविल्या आहेत. कोणी म्हणे, खऱ्या माणसांची छायाचित्रे आहेत. तेव्हा मॅकेने ठरविले, की जो प्राणी पृथ्वीवर आज उरलाच नाही, तोच काढावा. त्याचे छायाचित्र घेतले, असे कोण म्हणणार? न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात १९०५ पासून एका अजस्र, लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा उभा होताच. अशा रीतीने ‘गर्टी’ जन्मास आली.

तिच्या निर्मितीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. एका चित्रात प्राणी आणि परिसर दोन्ही असत. म्हणून प्राण्याने नुसती मान हलविली तरी मागचे खडक, तळे आणि झाड नव्याने काढावे लागे. सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर प्राणी वेगळा काढण्याची युक्ती तेव्हा त्याच्या हाताशी नव्हती. जॉन फिट्झसिमन्स नावाचा एक तरुण कलाविद्यार्थी पातळ कागदावर तेच खडक, तेच तळे पुन्हा पुन्हा गिरवी आणि मॅके त्यांत गर्टी काढी. कागद तसूभरही सरकू नये म्हणून कोपऱ्यांत फुल्यांच्या खुणा असत. एका हालचालीचे आरंभीचे व शेवटचे चित्र तो आधी काढी, मग बरोबर मधले, मग त्यांच्यामधली उरलेली. त्यामुळे चाल अडखळत नसे. गर्टीचा श्वास किती वेळ चालावा हे ठरविण्यासाठी त्याने स्वतःच्या श्वासाची वेळ मोजली. चित्रे पुठ्ठ्यांवर चिकटवून, चक्राला लावून, हाताने फिरवून तो तपासून पाही. पटले तरच ती कॅमेऱ्यापुढे जात. एकूण चित्रे दहा हजार झाली, असे तो सांगत असे.

८ फेब्रुवारी १९१४ रोजी शिकागोच्या पॅलेस थिएटरात गर्टी प्रथम लोकांसमोर आली. पडद्याच्या एका बाजूस मॅके हातात चाबूक घेऊन, सर्कशीतल्या शिक्षकाच्या ऐटीत उभा. त्याने हाक मारली की गर्टी गुहेतून डोके काढी आणि बुजत बुजत बाहेर येई. तो म्हणे, नमस्कार कर. ती मान लववी. तो म्हणे, उजवा पाय उचल, ती उचली. ऐकले नाही की तो रागावे, आणि ती चक्क रडू लागे. मग तो तिला सफरचंद देई: हातातले पुठ्ठ्याचे फळ शिताफीने लपवी, त्याच क्षणी पडद्यावर चित्रातले फळ तिच्या तोंडात पडे. शेवटी मॅके पडद्यामागे जाई, आणि दुसऱ्याच क्षणी चित्रातला मॅके गर्टीच्या पाठीवर बसून निघून जाताना दिसे. यात अर्धे काम चित्राचे आणि अर्धे वाणीचे. चित्रफीत एका गतीने पुढे सरकणार, ती कोणासाठी थांबणार नाही. म्हणून बोलणाऱ्यानेच आपला शब्द चित्राच्या पावलाशी जुळवावयाचा. कीर्तनकार टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर आख्यान लावतो, तशीच ही गोष्ट होती.

पण १९११ पासून मॅके विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या धनाढ्य वृत्तपत्रमालकाच्या पदरी होता. आपला पगारी चित्रकार कामाच्या वेळी रंगमंचावर असतो, हे हर्स्टला रुचेना. गर्टी गाजू लागली त्याच वर्षी त्याने फर्मान काढले, की मॅकेने न्यूयॉर्कच्या बाहेर खेळ करू नयेत. त्याची चित्रमालाही बंद पडली आणि संपादकीय लेखांसाठी गंभीर व्यंगचित्रे काढण्याचे काम त्याच्याकडे आले. ज्याच्या हाताला स्वप्ने काढण्याची सवय, त्याने आता दुसऱ्याची मते रेखाटावयाची!

गर्टीने मात्र प्रवास थांबविला नाही. विल्यम फॉक्स या व्यावसायिकाने १९१४ च्या अखेरीस तिचा चित्रपट गावोगाव धाडला. आरंभी मॅके व त्याचे मित्र पैज लावतात असे प्रवेश जोडले, आणि मॅकेच्या बोलण्याच्या जागी लिखित पाट्या घातल्या. चित्रकार घरी राहिला, चित्र फिरत राहिले. ज्या गावी मॅके कधीच गेला नसता, तेथेही गर्टी पोचली, हा लाभच. परंतु तिला रागे भरणारा आणि समजावणारा माणूस पडद्याशेजारी उरला नाही.

याच काळात आपल्याकडे दादासाहेब फाळके हेही हाच ध्यास घेऊन बसले होते. ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी थोडी थोडी टिपून, मिनिटाभरात उगवणारे रोप पडद्यावर दाखविले, पुढे आगकाड्या नाचविणारा ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पटही केला. १९१४ मध्ये ते स्वतः आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. मॅके आणि फाळके यांची भेट झाली नाही. पण निर्जीव वस्तू हलविण्यासाठी माणसाने किती सोसावे, हे दोघांनाही ठाऊक होते.

मॅके स्वस्थ बसला नाही. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे जहाज बुडविले आणि ११९८ माणसे मृत्युमुखी पडली. हर्स्टची वृत्तपत्रे अमेरिकेने युद्धात उतरण्याच्या विरुद्ध होती. तरी मॅकेने स्वतःच्या वेळात त्या घटनेचा चित्रपट सुरू केला. सुमारे पंचवीस हजार चित्रे काढून तो १९१८ च्या जुलैमध्ये प्रदर्शित झाला. या वेळी पारदर्शक ताव वापरले होते. १९३४ मध्ये मॅके निवर्तला.

गर्टीच्या हजारो चित्रांपैकी काहीशेच उरली. चित्रपट मात्र टिकला, आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत त्याचा समावेश झाला. आज कोणी तो पाहिला, तर गर्टी एका पाटीनंतर मान लववते आणि दुसऱ्या पाटीनंतर पाय उचलते. श्रोतेहो, तो पाहताना एवढे करावे: पाटी वाचून होताच ती वाक्ये मोठ्याने म्हणावी. चित्र पूर्ण आहे. उणीव आहे ती बोलणाऱ्याची, आणि ती भरून काढणे आपल्या हाती आहे.