पायथनचं आजोळ

२०२० च्या डिसेंबरमधली गोष्ट. इथे ॲमस्टरडॅममध्ये संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे सांगलीत रात्रीचे अकरा. भाच्याचा फोन आला.

"मामा, लॅपटॉप गेला. टर्मिनल उघडतच नाहीये. उद्या सकाळी प्रोजेक्ट दाखवायचाय, सगळं त्यातच आहे. मित्र म्हणतोय, फॉरमॅट मार."

"फॉरमॅट अजिबात मारू नकोस. काय केलंस ते सांग."

"काहीच नाही केलं."

संगणक दुरुस्त करणाऱ्याला पहिलं उत्तर नेहमी हेच मिळतं. थोडं खोदल्यावर उलगडा झाला. लॅपटॉपवर उबंटू १८.०४, त्यात पायथन ३.६. प्रोजेक्टला हवं होतं ३.८. त्याने ते घातलं, इथवर ठीक. पण पुढे 'पायथन३' हे नावच ३.८ कडे वळवून टाकलं.

आता पायथन बदललं तर टर्मिनल का बंद पडावं? कारण उबंटूच्या त्या आवृत्तीत टर्मिनल उघडणारी आज्ञा ही स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली छोटीशी स्क्रिप्ट होती. ती ज्या मॉड्यूलवर उभी होती त्याचा एक भाग सी भाषेतला, खास ३.६ साठी कंपाइल केलेला. ३.८ ला तो सापडत नव्हता. आपल्या नळाला पाणी जास्त यावं म्हणून सोसायटीच्या टाकीचा मुख्य कॉक फिरवावा, तसला हा प्रकार!

मला हसू आलं नाही, कारण हेच पाप मी पूर्वी एका सर्व्हरवर केलं होतं. तिथे सेंटओएस ६ होतं, त्यात पायथन २.६. मी मूळ नाव २.७ कडे वळवलं आणि 'यम' मेलं. यम म्हणजे तिथलं नवीन सॉफ्टवेअर आणून बसवणारं साधन, आणि तेही पायथनमध्येच लिहिलेलं. ज्या हाताने औषध आणायचं, तोच हात मोडलेला.

ही गुंतागुंत आली कुठून? गंमत म्हणजे तिचं मूळ याच शहरात आहे. सीडब्ल्यूआय या इथल्या गणित आणि संगणकशास्त्राच्या संशोधन संस्थेत ग्विडो व्हान रॉसम काम करत होता. (डच लोक त्याला 'खीडो' म्हणतात, त्यांच्या 'ग' चा 'ख' होतो.) अमिबा नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी त्याला सी आणि शेल यांच्या मधली एखादी सोपी भाषा हवी होती. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्याने ती लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये लोकांसाठी खुली केली. नाव ठेवलं मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून, सापाचा संबंध नाही.

ती अमिबा सिस्टीम ज्यांच्या पुढाकाराने इथल्या विद्यापीठात घडली, त्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीच १९८७ मध्ये शिकवण्यासाठी 'मिनिक्स' लिहिलं होतं. तेच मिनिक्स वापरत हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. म्हणजे पायथन आणि लिनक्स ही वयानेही जवळची, आणि दोघांचं आजोळ एकाच गावात!

पुढे लिनक्सवाल्यांनी घरची बरीच कामं पायथनवर सोपवली. रेड हॅटचा इन्स्टॉलर, यम, जेंटूचं पोर्टेज, सगळं पायथनमध्ये. घरकामाचं पायथन आणि वापरणाऱ्याचं पायथन एकच झालं. त्यात २००८ मध्ये पायथन ३ आलं, ज्यात जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालेनात. २.७ ची मुदत आधी २०१५ पर्यंत होती, ती २०१४ मध्ये वाढवून २०२० करावी लागली. दरम्यान 'पायथन' म्हटल्यावर नेमकं कोणी ओ द्यायची, यावर एकमत नव्हतं. आर्च लिनक्सने २०१० मध्येच ते नाव ३ ला देऊन टाकलं, बाकीच्यांनी बरीच वर्षं २ कडेच ठेवलं.

शहाणपण हळूहळू आलं. २०१२ च्या ३.३ मध्ये प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं बिऱ्हाड देणारं 'व्हेन्व' आलं. २०१९ च्या रेड हॅट ८ ने सिस्टीमचं पायथन वेगळ्या जागी नेऊन ठेवलं. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये तर सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही घालायला गेलं की ते सरळ नकार देतं.

असो. भाच्याला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबायला सांगितलं. काळा पडदा आला. नाव आणि पासवर्ड टाकून तो आत शिरला. मग एक ओळ, अक्षर अक्षर सांगत, "इथे जागा सोड" म्हणत टाइप करून घेतली. 'पायथन३' चं बोट पुन्हा ३.६ कडे वळलं. टर्मिनल उघडलं. मग प्रोजेक्टसाठी ३.८ चं वेगळं व्हेन्व करून दिलं. तिकडे साडेबारा वाजून गेले होते.

"मामा, फॉरमॅट मारलं असतं तर?"

"तर चार महिन्यांचं काम गेलं असतं, आणि मूळ चूक तुला कधीच कळली नसती."

माझी मला कळली होती ती सर्व्हर अख्खी दुपार बंद पाडून. त्या मानाने तो स्वस्तात सुटला.