नंबर परदेशाचा, माणूस कोणाचा?

अनोळखी परदेशी नंबरावरून फोन आला तर उचलू नका, असा सल्ला सध्या सगळीकडून मिळतो. सल्ला वाईट नाही, पण पनवेलच्या मोहल्ल्यात तो पुरा पडत नाही. एक मुलगा दुबईत, दुसरा मस्कतला आणि जावई जहाजावर असलेल्या घरातल्या अम्मीने काय करायचे? मुलाने नवे सिम घेतले असेल, कंपनीच्या फोनवरून बोलत असेल, किंवा त्याच्या खोलीतला सोबती काही बरीवाईट खबर द्यायला फोन करत असेल. त्यामुळे आमच्याकडे खरा प्रश्न आहे तो पलीकडचा माणूस कसा ओळखायचा हा.

कोकणी मुसलमानांचे परदेस जाणे टेलिफोनपेक्षा जुने आहे. आमचे लोक आगबोटींवर खलाशी म्हणून गेले, दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत स्थायिक झाले आणि १९७० च्या दशकात तेलाचे भाव वाढल्यावर आखातात गेले. तेव्हा घरी यायचे ते खत. अक्षर ओळखीचे असे, सलामाची पद्धत ओळखीची असे आणि कुणाकुणाची खैरियत विचारली आहे त्यावरून लिहिणारा कळे. पुष्कळदा ते खत सुटीवर येणारा गाववालाच हाती आणून देई. ओळख पटवायला नंबर लागत नव्हता.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले आणि १९३३ मध्ये भारत-इंग्लंड रेडिओ-टेलिफोन सेवा आली. सामान्य माणसाला मात्र परदेशी फोन म्हणजे ट्रंक कॉल. तो आधी बुक करायचा आणि वाट पाहायची. कुठून फोन आहे, कुणाला हवा आहे, हे ऑपरेटर बोलून सांगत असे. घरोघरी फोन नव्हते म्हणून पत्त्यासोबत शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे ‘पीपी’ लिहीत. फोन दुकानात वाजे, दुकानदार मुलाला पिटाळी आणि निरोप घरी येई. म्हणजे बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये दोन-तीन साक्षीदार उभे असत. नंतर थेट डायलिंग आले, पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी बूथ आले, पुढे मोबाइल आला. एकेक साक्षीदार निघून गेला आणि त्याच्या जागी पडद्यावरचे आकडे आले.

हे आकडे समजून घेण्यासारखे आहेत. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या योजनेत जगाचे विभाग पाडून देशांना कोड दिले गेले. २ ने सुरू होणारे बहुतेक कोड आफ्रिकेचे, ३ आणि ४ युरोपचे, ६ आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे. ९ च्या विभागात तुर्कस्तानपासून म्यानमारपर्यंतचे देश आले. भारत ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४. आखाती देशांना तीन आकडी कोड आहेत: कुवेत ९६५, सौदी ९६६, ओमान ९६८, अमिराती ९७१, बहरीन ९७३, कतार ९७४. जहाजावरच्या सॅटेलाइट फोनचा कोड ८७० असू शकतो; तो कुठल्याच देशाचा नाही. +१ म्हणजे अमेरिकाच असेही नाही. कॅनडा आणि कॅरिबियन बेटेही त्यात आहेत. +१ नंतर ८७६ असेल तर तो जमैकाचा. +७ रशियाचा तसाच कझाकस्तानचाही.

पण कोड फक्त एवढेच सांगतो की हा नंबर कोणत्या देशाच्या यादीतला आहे. माणूस कुठे बसला आहे हे तो सांगत नाही. व्हॉट्सअपवर एकदा नंबरची पडताळणी झाली की तो नंबर जगात कुठूनही वापरता येतो. साध्या फोनवर तर दिसणारा नंबरही खोटा असू शकतो. पत्रलेखन शिकवताना मी मुलांना पाकिटावर प्रेषकाचा पत्ता लिहायला सांगतो. तो पत्ता खरा आहे का, हे पोस्टमन तपासत नाही. फोनचेही तसेच झाले. कॉलबरोबर जाणारा नंबर कॉल पाठवणाऱ्या बाजूकडून भरला जातो आणि पुढची यंत्रणा तो बहुधा तसाच पोहोचवते. मोजक्या सरकारी खात्यांमध्येच जगाचा टेलिफोन चालत होता तोवर हा भरवसा निभावला. इंटरनेटवरून कुणीही कॉल पाठवू लागल्यावर तो तुटला.

मे २०२३ मध्ये इंडोनेशिया (६२), व्हिएतनाम (८४), मलेशिया (६०), केनिया (२५४), इथिओपिया (२५१) या कोडवरून भारतात व्हॉट्सअप कॉलचा पाऊस पडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवण्याची यंत्रणा केंद्राच्या दूरसंचार विभागाने सुरू केली. पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. त्यानंतर फसवणारे सरळ परदेशी नंबरच वापरू लागले.

आणि एक गोष्ट आमच्या घरांना जास्त लागते. मार्च २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने इशारा दिला, की +९२ सारख्या परदेशी नंबरांवरून व्हॉट्सअप कॉल करून काही जण सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करत आहेत. फाळणीनंतर कराचीत गेलेल्या कोकणी कुटुंबांचे नातलग इकडे आहेत. अशा घरात +९२ दिसला की दोन भीती एकदम येतात: लूट होईल ही एक, आणि हा फोन आपल्याला का आला असे उद्या कुणी विचारेल ही दुसरी. ठग नेमके या दुसऱ्या भीतीवर धंदा करतो. ‘तुमच्या नावाने गुन्हा आहे, कुणाला बोलू नका’ असे तो म्हणतो, आणि घाबरलेला माणूस खरेच कुणाला बोलत नाही. हे मनात पक्के ठेवावे: आलेला फोन हा गुन्हा नाही, आणि व्हॉट्सअपवर अटक करण्याची तरतूद भारताच्या कायद्यात नाही.

मग माणूस ओळखायचा कसा? मिस्ड कॉल आला तर अनोळखी परदेशी नंबरावर उलट फोन करू नये. त्यात महागडे बिल लावण्याची जुनी युक्ती आहे. मुलाचा जो नंबर आपल्याकडे आधीपासून आहे त्यावर, किंवा त्याच्या सोबत्याच्या नंबरावर फोन लावावा. बोलणे झालेच तर घरच्यालाच माहीत असेल असे काही विचारावे, फेसबुकवर सापडणारे नको. आता आवाजाचीही नक्कल करता येते, म्हणून आवाजावर विसंबू नये. पैशाची गोष्ट निघाली की फोन ठेवून घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगावे. संशयास्पद कॉलची तक्रार ‘संचार साथी’च्या ‘चक्षु’ सुविधेवर करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावावा.

पीपीच्या काळात निरोप दुकानदाराच्या कानावरून येई, त्यामुळे गुपित राहत नसे, पण फसवणेही अवघड असे. आता फोन प्रत्येकाच्या खिशात एकेकटा वाजतो. साक्षीदार आपणच नेमायला हवा: सून, शेजारी, मोहल्ल्यातला शिकलेला पोरगा, कुणीही. एकट्याने निर्णय घ्यायचा नाही, एवढा नियम अम्मी, खाला, नानी यांना समजावून सांगितला तरी पुष्कळ घरे वाचतील.